सूर्याचे छायाचित्रण: हौशी निरीक्षकाची साधने, सावधगिरी आणि नोंद

आकाशनिरीक्षण म्हटले की काळोखी रात्र, गावाबाहेरचे माळरान आणि जागरण डोळ्यांसमोर येते. सूर्याचे निरीक्षण याला अपवाद आहे. हा तारा पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अगदी अंगणात असल्याने त्याच्या पृष्ठभागावरील तपशील लहान दुर्बिणीतूनही टिपता येतात. शहरातील दिव्यांचा येथे अडसर नाही. घराची गच्ची, शाळेचे पटांगण किंवा तळ्याचा काठ पुरतो. मात्र हौशी खगोलनिरीक्षणात एका क्षणाच्या चुकीने दृष्टी जाऊ शकते, अशी हीच एक शाखा आहे. त्यामुळे कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. प्रकाश कुठे आणि किती अडवला जातो, हा पहिला प्रश्न. आणि टिपलेल्या चित्रासोबत कोणती माहिती जपली जाते, हा त्यानंतरचा. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याच्या साध्या उपकरणातूनही उपयोगी चित्रे मिळतात.

आधी डोळे

डोळ्यातील दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत. सूर्यप्रकाशाने ते भाजत असताना पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. मध्यभागी धूसर ठिपका दिसू लागतो तो काही तासांनी. झालेल्या इजेवर खात्रीशीर उपचार नाही. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावून पाहणेही घातक आहे. दुर्बिणीतून तर क्षणभराची नजरही पुरेशी ठरते, कारण दुर्बीण तोच प्रकाश एकवटून आत सोडते.

डोळ्यांसाठी सुरक्षित मानला जाणारा सौरफिल्टर दृश्य प्रकाशाचा ०.००३ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी भाग पुढे जाऊ देतो. ग्रहणाच्या चष्म्यांसाठी असलेला आयएसओ १२३१२-२ हा आंतरराष्ट्रीय निकष याच मर्यादेचा आहे. या आकड्याशी तुलना केली की घरोघरी चालत आलेले उपाय का अपुरे आहेत, ते स्पष्ट होते. परातीतील पाण्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याची पद्धत जुनी आहे. पण पाण्याचा पृष्ठभाग वरून पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे २ टक्के भाग परावर्तित करतो. सुरक्षित मर्यादेच्या तो कित्येक शे पट आहे. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, सीडीची तबकडी, एकावर एक चढवलेले गॉगल यांतून सूर्य मंद दिसतो; परंतु न दिसणारे अवरक्त किरण किती अडतात याची त्यांत कोणतीच हमी नसते.

दुर्बिणीच्या बाबतीत एक नियम निरपवाद आहे: फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वस्तुभिंगाच्या आधी बसवला पाहिजे. काही स्वस्त, जुन्या दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर फिरवून लावायची गडद काच मिळत असे. ती एकवटलेल्या उष्णतेच्या वाटेत येते आणि पाहता पाहता तडकू शकते. अशी काच हाती आल्यास ती टाकून द्यावी. ग्रहणाचा चष्मा डोळ्यांवर चढवून दुर्बिणीतून पाहणे हाही तितकाच मोठा धोका आहे. मुख्य दुर्बिणीवरील छोटी शोधक दुर्बीण झाकून किंवा काढून ठेवावी. सूर्य शोधण्यासाठी तिची गरजही नसते: दुर्बिणीच्या नळीची जमिनीवरील सावली सर्वांत लहान झाली की नळीचा रोख सूर्याकडे असतो.

प्रत्येक वापरापूर्वी फिल्टर दिव्यासमोर धरून त्यात सुईच्या टोकाएवढे छिद्र किंवा ओरखडा नाही ना, हे तपासावे आणि वाऱ्याने निघू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावावी. लहान मुले आसपास असतील तर दुर्बीण क्षणभरही सोडून जाऊ नये.

पांढऱ्या प्रकाशातला सूर्य

सुरुवात करणाऱ्यासाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फिल्मचा सौरफिल्टर. तो प्रकाश सर्व रंगांत जवळजवळ सारख्या प्रमाणात कमी करतो. म्हणून अशा निरीक्षणाला पांढऱ्या प्रकाशातील निरीक्षण म्हणतात. फिल्मवर लिहिलेला ‘ओडी’ हा आकडा महत्त्वाचा. ओडी ५ म्हणजे एक लाखातील एक भाग प्रकाश पुढे जातो. हा फिल्टर डोळ्यांसाठीही चालतो. ओडी ३.८ची फिल्म केवळ छायाचित्रणासाठी असते. ती सुमारे १६ पट अधिक प्रकाश सोडते. तिच्यातून नेत्रिकेने किंवा कॅमेऱ्याच्या प्रकाशीय दृश्यदर्शकातून पाहू नये. चित्र फक्त पडद्यावर पाहावे. फिल्म चौकटीत ताणून बसवू नये. थोड्या सुरकुत्या राहिल्या तरी चित्र बिघडत नाही, ताणामुळे मात्र बिघडते.

दुसरा मार्ग हर्शेल वेज या लोलकाचा. तो दुर्बिणीच्या मागच्या बाजूस बसतो, प्रकाशाचा सुमारे ५ टक्के भागच परावर्तित करून पुढे पाठवतो आणि उरलेली उष्णता बाजूला काढतो. त्याच्या पुढे आणखी गडद फिल्टर लागतात. चित्र फिल्मपेक्षा रेखीव येते. पण हे साधन केवळ भिंगांच्या, म्हणजे अपवर्तक दुर्बिणीसाठी आहे. आरशाच्या दुर्बिणीत ते वापरल्यास आतील भाग तापून खराब होतात.

या प्रकाशात सौरडाग प्रामुख्याने दिसतात. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन असते. डागाच्या गडद केंद्राचे सुमारे ४,००० केल्विन. डाग काळा दिसतो तो आजूबाजूच्या तेजाच्या तुलनेत. केंद्राभोवती करड्या तंतूंची झालर असते. बिंबाच्या कडा मध्यापेक्षा मंद दिसतात आणि तेथे उजळ पट्टे उठून दिसतात. हवा स्थिर असेल आणि दुर्बिणीचा व्यास १०० मिलिमीटरच्या पुढे असेल, तर पृष्ठभागाचा कणीदार पोतही टिपता येतो. त्यातील प्रत्येक कण सुमारे एक हजार किलोमीटर रुंदीचा असतो आणि आठ-दहा मिनिटांत विरून जातो.

बिंबाचा आकार, फोकस आणि एक्स्पोजर

आकाशात सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. कॅमेऱ्याच्या संवेदकावर त्याचा व्यास किती येईल, हे काढण्याचा हिशेब सोपा आहे: भिंगाच्या नाभीय अंतराला सुमारे १०९ने भागावे. ५०० मिलिमीटरच्या भिंगाने ४.६ मिलिमीटरचे बिंब मिळते. १,००० मिलिमीटरच्या दुर्बिणीने ९.२ मिलिमीटरचे. सर्वसाधारण डीएसएलआर कॅमेऱ्याचा संवेदक उंचीला सुमारे १५ मिलिमीटर असतो, त्यामुळे त्यात पूर्ण बिंब मोकळ्या जागेसह सामावते.

एक्स्पोजरची सुरुवात ओडी ५ फिल्टर, आयएसओ १००, एफ/८ आणि १/४०० सेकंद यांपासून करावी. नंतर १/२५० ते १/१००० सेकंदांपर्यंत वेगवेगळी चित्रे घ्यावीत, कारण आकाशातील धूसरपणा रोज बदलतो. कॅमेरा स्वयंचलित स्थितीत ठेवू नये. भोवतालचे काळे आकाश पाहून तो बिंब पांढरेफटक करून टाकतो. फोकस सूर्याच्या कडेवर किंवा एखाद्या डागावर, पडद्यावरील प्रतिमा मोठी करून साधावा. उन्हात नळी तापली की फोकस सरकतो, म्हणून दर काही मिनिटांनी तो पुन्हा तपासावा. उन्हात पडदा दिसत नाही. छायाचित्रकाराने डोक्यावर व पडद्यावर काळे कापड घेण्याची जुनी पद्धत येथे अजूनही उपयोगी पडते. मोबाईलनेही आरंभ करता येतो: फिल्टर लावलेल्या दुर्बिणीच्या नेत्रिकेला मोबाईल पकडीने घट्ट बसवावा आणि एक्स्पोजर हाताने कमी करावे.

हवेशी झुंज

रात्रीच्या निरीक्षकाला ढग आणि चंद्रप्रकाश अडवतात. दिवसाच्या निरीक्षकाचा खरा अडथळा तापलेली हवा आहे. सिमेंटची गच्ची, डांबरी रस्ता, पत्र्याचे छप्पर यांवरून उठणाऱ्या उष्ण लहरींमुळे बिंबाची कड उकळत्या पाण्यासारखी हलते. अशा वेळी महागड्या दुर्बिणीचाही उपयोग होत नाही. उपाय वेळेचा आणि जागेचा आहे. सूर्य २५-३० अंश वर आल्यानंतरचे आणि जमीन पुरती तापण्यापूर्वीचे सकाळचे एक-दोन तास सर्वांत चांगले. गवत आणि झाडी गच्चीपेक्षा बरी, आणि पाण्याचा शेजार त्याहून बरा. उदयपूरची सौर वेधशाळा १९७५ साली फतेहसागर तलावातील बेटावर उभारली गेली, ती याच कारणासाठी: पाणी सावकाश तापते आणि त्यावरील हवा शांत राहते.

गोव्यात जून ते सप्टेंबर हा काळ बहुतेक वाया जातो. पावसाळा संपल्यावर आकाश धुऊन निघते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वाधिक भरवशाचे, मात्र अंतर्गत तालुक्यांत सकाळचे धुके विरेपर्यंत थांबावे लागते. उपकरणांसाठी आणखी एक काळजी म्हणजे किनाऱ्याची दमट, खारट हवा. भिंगांवर बुरशी धरू नये म्हणून दुर्बीण आणि कॅमेरा आर्द्रताशोषक पुड्यांसह बंद डब्यात ठेवावेत. फिल्मचा फिल्टरही कोरड्या जागी ठेवावा.

चित्रफितीतून एक चित्र

अलीकडे उत्तम सौरचित्रे एकाच झटक्यात काढली जात नाहीत. सेकंदाला अनेक चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने एक-दोन मिनिटांची चित्रफीत घेतली जाते. हजार-दोन हजार चौकटींपैकी ज्या क्षणी हवा थांबली होती अशा थोड्याच, बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास चौकटी संगणक निवडतो, एकमेकींवर अचूक बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. यासाठी शार्पकॅप, ऑटोस्टॅकर्ट, रेजिस्टॅक्स यांसारखी सॉफ्टवेअर हौशींमध्ये रुळलेली आहेत. त्यानंतर चित्र रेखीव केले जाते. येथे संयम हवा. रेखीवपणा अति वाढवला की पृष्ठभागावर जे नाही तेही दिसू लागते. डागाभोवती उमटलेली पांढरी कडी ही त्याची खूण. चित्राला दिलेला पिवळा वा केशरी रंग बहुतेकदा नंतर चढवलेला असतो. तसे करण्यात गैर नाही, फक्त ते सांगितलेले असावे.

हायड्रोजनच्या लाल प्रकाशात

दृश्य पृष्ठभागाच्या वर वर्णगोल हा विरळ थर आहे. तेथील ज्वाला आणि तंतू पांढऱ्या प्रकाशात झाकले जातात. ते पाहण्यासाठी हायड्रोजनच्या ६५६.२८ नॅनोमीटर या तरंगलांबीचा लाल प्रकाश तेवढा वेगळा काढावा लागतो. हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीतील फिल्टर नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहूनही अरुंद पट्टा निवडतो. ही साधने फिल्मपेक्षा कितीतरी पटींनी महाग आहेत. म्हणून पांढऱ्या प्रकाशात वर्षभर हात बसल्यावर त्यांच्याकडे वळावे. रात्रीच्या तेजोमेघांसाठी विकले जाणारे ‘हायड्रोजन-अल्फा’ फिल्टर निराळे आहेत. त्यांचा पट्टा रुंद असतो आणि सूर्यासाठी ते वापरणे धोक्याचे आहे.

या प्रकाशासाठी कृष्णधवल कॅमेरा अधिक चांगला. रंगीत संवेदकात चारपैकी एकच पिक्सेल लाल प्रकाश घेतो, उरलेले तीन जवळपास रिकामे राहतात. कडेच्या ज्वाला बिंबापेक्षा बऱ्याच मंद असतात. त्यामुळे बिंबासाठी कमी आणि ज्वालांसाठी अधिक एक्स्पोजर देऊन दोन चित्रे एकत्र केली जातात.

ग्रहणे आणि अधिक्रमणे

२ ऑगस्ट २०२७ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा मध्यपट्टा उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानावरून जातो. पश्चिम भारतात ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. गोव्यात तेव्हा पावसाळा असेल, हे लक्षात घेऊनच बेत आखावा. २१ मे २०३१ रोजीचे कंकणाकृती ग्रहण केरळ आणि तमिळनाडूतून दिसेल, गोव्यातून खंडग्रास. २० मार्च २०३४च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा भारताच्या अगदी उत्तर टोकाला, लडाख परिसरात येतो. फिल्टर काढण्याची मुभा केवळ खग्रास स्थितीतील त्या थोड्या मिनिटांपुरती असते. खंडग्रास आणि कंकणाकृती ग्रहणात तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागेवरच राहिला पाहिजे. गोव्यातून दिसणाऱ्या या तिन्ही ग्रहणांना हाच नियम लागू आहे.

१३ नोव्हेंबर २०३२ रोजी बुध सूर्यबिंबावरून सरकताना भारतातून दिसेल. बुधाचा ठिपका बिंबाच्या सुमारे १/१९० एवढाच असतो, म्हणून दुर्बीण लागेलच. शुक्राचे पुढचे अधिक्रमण मात्र २११७ साली आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सूर्यबिंबावरून जाण्याचा प्रसंग अधिक वेळा येतो. तो जेमतेम सेकंदाचा असल्याने चित्रफीत आधीपासून सुरू ठेवावी लागते.

हौशींची परंपरा

सूर्याचे पहिले ज्ञात छायाचित्र २ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसमध्ये फिझो आणि फूको या भौतिकशास्त्रज्ञांनी डॅगेरोटाइप तंत्राने घेतले. सूर्याविषयीचे काही मोलाचे शोध मात्र नोकरी वा व्यवसाय सांभाळून आकाश पाहणाऱ्यांचे आहेत. जर्मनीतील औषधविक्रेता हाइनरिश श्वाबे याने बुधाच्या आतील एका काल्पनिक ग्रहाच्या शोधात १८२६ पासून रोज सौरडागांची नोंद ठेवली. ग्रह सापडला नाही. पण डागांची संख्या सुमारे दहा वर्षांनी वाढते आणि ओसरते, हे त्याच्या वह्यांतून १८४३ पर्यंत स्पष्ट झाले. आज हे सौरचक्र सुमारे ११ वर्षांचे मानले जाते. १ सप्टेंबर १८५९ रोजी सौरज्वालेची पहिली नोंद केली ती रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन या दोन इंग्रज हौशींनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे.

या परंपरेचा एक धागा मराठी मुलखातून जातो. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणातून देशावर आणि पुढे वऱ्हाडात गेला होता. सर नॉर्मन लॉकियर यांचा तळ विजयदुर्ग किल्ल्यावर होता. हेलियमचा शोध १८६८ साली लॉकियर यांनी विजयदुर्गावरून लावला, असे कोकणात सांगितले जाते. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणाच्या वेळी ते भारतात नव्हते. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूर येथे होते, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. लॉकियर यांनी आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केले. विजयदुर्गाशी त्यांचा संबंध आला तो तीस वर्षांनी.

१८९८च्या त्याच ग्रहणासाठी ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशींच्या संस्थेची एक तुकडी वऱ्हाडातील तळणी येथे आली होती. तीत ॲनी माँडर होत्या. ग्रीनिच वेधशाळेत सूर्याची रोजची छायाचित्रे घेणाऱ्या या विदुषीला लग्नानंतर तेथील पद सोडावे लागले होते. तळणी येथे एका छोट्या कॅमेऱ्याने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातील असा लांब किरण टिपला, जो तोपर्यंत मोठ्या उपकरणांनाही गवसला नव्हता. त्याच तुकडीत तेव्हा हौशी असलेले जॉन एव्हरशेड होते. पुढे ते कोडाईकनाल वेधशाळेत रुजू झाले आणि सौरडागांतील वायूच्या प्रवाहाचा शोध त्यांनी तेथे १९०९ साली लावला. कोडाईकनाल येथील सूर्याच्या दैनंदिन छायाचित्रांचा शंभर वर्षांहून जुना संग्रह आज जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडतो.

चित्राला नोंदीची जोड

आज अवकाशातील वेधशाळा सूर्यावर अखंड नजर ठेवून आहेत. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेले भारताचे आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून निरीक्षण करते. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली आहे. मग गच्चीवरील चित्राला काय अर्थ, असा प्रश्न येतो. सौरडागांची दैनंदिन मोजणी १८१८ पासून उपलब्ध आहे आणि ती आजही जमिनीवरील लहान दुर्बिणींच्या आधारेच पुढे चालू आहे, कारण जुन्या आकड्यांशी नवे आकडे जुळायचे तर मोजण्याची पद्धतही तीच हवी. बेल्जियमच्या शाही वेधशाळेत चालणाऱ्या या कामात अनेक देशांतील हौशींचा वाटा आहे.

मोजणीची रीत रुडॉल्फ वुल्फ यांनी घालून दिली. डागांच्या समूहांची संख्या दहाने गुणावी आणि त्यात सुट्या डागांची संख्या मिळवावी. बिंबावर ३ समूह आणि एकूण १४ डाग असतील, तर त्या दिवसाचा आकडा ४४. निरीक्षक आणि दुर्बिणीनुसार त्याला एका गुणकाने दुरुस्त केले जाते. म्हणूनच एकच साधन वर्षानुवर्षे वापरणे चांगले.

प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास, फिल्टर, एक्स्पोजर आणि आकाशाची स्थिती लिहावी. जागतिक वेळ हवी असल्यास भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करावेत. दिशा ओळखण्यासाठी दुर्बीण स्थिर ठेवावी. बिंब चौकटीत ज्या कडेकडे सरकते ती पश्चिम. एवढी माहिती असेल तर एखादा डाग पूर्व कडेवर उगवल्यापासून पश्चिम कडेवर मावळेपर्यंत, सुमारे १३ दिवस, रोज त्याच वेळी टिपून सूर्याचे स्वतःभोवतीचे फिरणे स्वतः मोजता येते. विषुववृत्ताजवळचे आणि त्यापासून दूरचे डाग निवडले, तर सूर्य सर्वत्र सारख्या गतीने फिरत नाही, हेही दिसून येते.

मे २०२४ मध्ये पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे १५ पट लांबीचा सौरडागांचा समूह बिंबावर आला. त्यातून उठलेल्या वादळांमुळे लडाखमधील हानले येथेही आकाशात लाल प्रभा दिसली. असा समूह पुन्हा कधी येईल, हे आधी सांगता येत नाही. रोज वही उघडणाऱ्याच्या संग्रहात तो असतो. बातमी वाचून दुर्बीण काढणाऱ्याला बहुधा उशीर झालेला असतो.

नव्याने आरंभ करणाऱ्याने पहिली काही निरीक्षणे अनुभवी मंडळींच्या सोबतीने करावीत. गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही संस्था, तर पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशींना मार्गदर्शन करते. साधन लहान असले तरी चालेल. फिल्टर तपासलेला आणि दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवलेला असावा, आणि वहीतील आजचे पान कोरे राहू नये.